निरीक्षक क्रमांक चौदा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शुभांगी गुरव यांनी दुधाचे पातेले गॅसवर ठेवले. दूध वर येईपर्यंत ओट्यावरची कालची भांडी जागेवर लावली. सहा पंचवीसला पती सदानंद यांच्या डाव्या डोळ्यात औषधाचे दोन थेंब घातले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन बारा दिवस झाले होते आणि निवृत्त गणितशिक्षक असल्यामुळे सदानंद थेंब मोजून घेत.

"तिसरा पडला," ते म्हणाले.

"नाही पडला," त्या म्हणाल्या.

आठ वाजता दोन डबे भरले, त्यातला एक झाकून टेबलावर ठेवला. नऊ पाचला विश्रामबागच्या थांब्यावर विजेची बस आली. नऊ एकोणचाळीसला, सांगलीतल्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दारातल्या कॅमेऱ्याने त्यांचा चेहरा ओळखला आणि दार उघडले.

एकतीस वर्षांत या सकाळीत फारसा बदल झाला नव्हता. बदलले होते ते दार उघडल्यानंतरचे. विभागीय व्यापारचिन्ह कार्यालयाच्या त्या दालनात अजून आठ टेबले होती, पण माणसे दोनच उरली होती. कोपऱ्यात निर्णय देणाऱ्या यंत्राचे एक राखाडी कपाट होते. आठ परीक्षकांनंतर आले म्हणून सगळे त्याला 'नववे साहेब' म्हणत. प्रवेशद्वारावरच्या फलकावर हिरवी अक्षरे सरकत असत : अर्ज ते निर्णय, पूर्वी अठरा महिने, आता अकरा सेकंद.

शुभांगीबाईंच्या पडद्यावर रोज दोनशे-सव्वादोनशे निर्णय येत. प्रत्येकाखाली दोन बटणे असत. 'सहमत' दाबले की पुढचा निर्णय येई. 'असहमत' दाबले की चौदा रकान्यांचे पत्रक उघडे. ते त्यांनी शेवटचे कधी भरले होते हे त्यांना आठवत नव्हते. गेले काही आठवडे मात्र बटण दाबताना त्यांची तर्जनी क्षणभर हवेत थांबायची. का थांबते ते कळत नसे. मग त्या खुर्ची सरकवत, पाण्याची बाटली उघडत, न पिता बंद करत आणि बटण दाबत.

नववे साहेब काय करीत, हे समजायला ट्रेडमार्कचा एक जुना नियम माहीत असावा लागतो. दोन चिन्हे सारखी आहेत की नाहीत हे ती शेजारी-शेजारी ठेवून ठरवायचे नसते. ग्राहक दुकानात दोन डब्या हातात घेऊन उभा राहत नाही. त्याच्यासमोर एक डबी असते आणि डोक्यात दुसरीची अंधूक आठवण. ती आठवण फसेल का, एवढाच प्रश्न असतो. पूर्वी परीक्षक तो अंदाजाने सोडवत. शुभांगीबाईंचे पहिले वरिष्ठ, इनामदार साहेब, यांनी त्यासाठी एक रीत घालून दिली होती. पहिले चिन्ह पाहायचे, कागद पालथा घालायचा, उठून चहा घ्यायचा, परत येऊन आठवायचे, आणि मगच दुसरे चिन्ह पाहायचे. आठही टेबलांवर पालथे कागद असत. बाहेरून आलेल्याला ही माणसे नुसती चहाच पितात असे वाटे.

मग एका प्रयोगशाळेला असे आढळले, की एखादे चित्र पाहताना पहिल्या अर्ध्या-पाऊण सेकंदात डोळा कुठे कुठे टेकतो आणि त्या वेळी मेंदूत कोणत्या लहरी उठतात, यावरून दुसऱ्या दिवशी त्या चित्रातले काय आठवेल आणि काय पुसले जाईल हे बऱ्याच अचूकपणे सांगता येते. चौसष्ट निरीक्षकांच्या डोक्यांवर टोप्या चढवून त्यांना चिन्हांच्या हजारो जोड्या दाखवल्या गेल्या. त्यांची नजर, त्यांच्या लहरी आणि त्यांची उत्तरे यांतून एक प्रतिमान तयार झाले : सामान्य माणसाची विसराळू स्मृती, कपाटात भरलेली. ते रजा घेत नव्हते, कोणाला ओळखत नव्हते, कोणाची पेढ्यांची पेटी स्वीकारत नव्हते. येत्या सोमवारपासून देशभर त्याचा शब्द अखेरचा ठरणार होता. सुनावणी बंद. ज्या चिन्हाला नकार मिळेल, त्याचा माल कोणत्याही दुकानाच्या स्कॅनरमधून पुढे जाणार नाही. हा प्रस्ताव मंजूर करणाऱ्या नियम समितीची बैठक शुक्रवारी दुपारी तीन वाजता होती. आज गुरुवार होता.

साडेअकराला खिडकीवर आवाज चढले.

"मावशी, नववे साहेब एकदा बोलले की बोलले," आवक-जावक सांभाळणारे खोत म्हणत होते. "ते चहा घेत न्हाईत, रजा घेत न्हाईत, कुणाचं ऐकत बी न्हाईत."

"मग बघत्यात तरी का?" बाईंचा आवाज घोगरा आणि शांत होता. "ह्या कागदावर खाली 'शु. गुरव' असं लिवलंय. त्या कुठं बसत्यात?"

खोतांनी मान वळवली. दालनात दोनच माणसे होती आणि त्यांतला एक पुरुष होता. शुभांगीबाई उठल्या.

बाईंचे नाव हमीदा अत्तार. मिरजेहून आल्या होत्या. साठीच्या आसपास, डोक्यावरून घेतलेला फिका जांभळा पदर, हातात कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून पत्र्याची एक छोटी गोल डबी काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"टिटवी छाप काजळ. सेहेचाळीस वर्षं विकतोय. माझ्या सासऱ्यांनी काढलीय ही. लोक म्हणायचे, अत्तारमियाँ, टिटवी अशुभ, मोर काढा, पोपट काढा. ते म्हणायचे, मोराच्या डोळ्यात काजळ कुठाय? टिटवीच्या बघा."

शुभांगीबाईंनी डबी उचलली. झाकणावर, जरा कापऱ्या हाताने काढलेली, एका पायावर उभी टिटवी होती. डोळ्यापुढे लाल ठिपका आणि डोक्यापासून मानेवरून छातीपर्यंत ओढलेली जाड काळी रेघ. ती रेघ म्हणजेच काजळ होते. ज्याने ते चित्र काढले, त्याने त्या पक्ष्याकडे खूप वेळ पाहिले होते.

पत्रावर नकाराचे कारण होते : एका मोठ्या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या नोंदणीकृत बगळ्याशी साधर्म्य, एक्क्याऐंशी टक्के. त्याखाली : मानवी पडताळणी, शु. गुरव, सहमत, चार सेकंद.

"मॅडम, तुम्ही माणूस हाय न्हवं?" हमीदाबाई म्हणाल्या. "मग मला सांगा, हा बगळा हाय?"

"नाही," शुभांगीबाई म्हणाल्या.

"मग तुम्ही सहमत कशाला झालात?"

खोतांनी उगीचच शिक्का पुसायला घेतला. "उद्या संध्याकाळपर्यंत मला वेळ द्या," शुभांगीबाई म्हणाल्या.

"डबी ठेवा तुमच्याकडं," हमीदाबाई म्हणाल्या. "सोमवारनंतर तिचा मला तरी काय उपयोग? सुनेनं काल सगळा कच्चा माल झाकून ठेवलाय. चूल पेटवू का नको विचारत होती. काय सांगू तिला?"

जेवणाच्या सुट्टीत शुभांगीबाईंनी डबा उघडला नाही. नवव्या साहेबांत 'कारणमागोवा' नावाची एक सोय होती. एखादा निर्णय देताना प्रशिक्षणातल्या कोणत्या उत्तरांचे वजन सर्वांत जास्त पडले, ते ती दाखवी. निविदेत अट होती म्हणून ती बसवली होती. ती कोणी उघडत नसे.

टिटवीच्या निर्णयामागे प्रशिक्षणातल्या सात जोड्या होत्या. करकोचा आणि रोहित पक्षी : सारखे. बदक आणि हंस : सारखे. पाणकोंबडी आणि खंड्या : सारखे. प्रत्येक उत्तरापुढे वेळ होती. सतरा वाजून दोन मिनिटे. सतरा सहा. सतरा अकरा. आणि वेळेपुढे निरीक्षकाचा क्रमांक. सातांपैकी पाच ठिकाणी एकच क्रमांक होता : चौदा.

शुभांगीबाईंनी हात पडद्यापासून मागे घेतला.

चार वर्षांपूर्वी, याच दालनात, टोपीच्या पट्टीवर चिकटवलेला तो आकडा त्यांनी आरशात उलटा पाहिला होता. चौसष्ट निरीक्षक हे सामान्य नागरिक असावेत असे आराखड्यात लिहिले होते. पण नागरिकांना बोलावायचे म्हणजे परवानग्या, संमतिपत्रे, येण्याजाण्याची सोय. शेवटी, कर्मचारी हेदेखील ग्राहकच असतात, असा शेरा मारून कार्यालयांतलीच माणसे बसवली गेली. दिवसाला तीनशे जोड्या, बारा दिवस. उत्तरासाठी दोन बटणे. 'सारखे' दाबले की पुढची जोडी येई. 'वेगळे' दाबले की कारण विचारणारी चौकट उघडे; अकरा कारणांतले एक निवडायचे आणि एक ओळ लिहायची. हा आराखडा कोणी दुष्टपणे केला नव्हता. या कचेरीत हीच पद्धत होती. लेखापरीक्षणात विचारले जाई ते मंजुरीबद्दल. नाकारलेल्या अर्जाबद्दल कधी कोणी कारण मागितले नव्हते. नकार सुरक्षित असतो, हे इथल्या प्रत्येकाच्या बोटांना ठाऊक होते.

दुपारपर्यंत त्यांनी प्रामाणिकपणे कारणे लिहिली होती. चारनंतर ओळी आखूड होत गेल्या. साडेचारनंतर त्या थांबल्या. त्या दिवसांत घरी कोणी आजारी नव्हते, कसले संकट नव्हते. फक्त पाच पस्तीसची बस होती.

यंत्राने केवळ त्यांची उत्तरे घेतली असती तर एक वेळ ठीक होते. त्याने त्यांची नजरही घेतली होती. उत्तर आधीच ठरलेला डोळा चित्रावर फिरत नाही. पहिल्या आकृतीवर टेकतो आणि निघतो. लांब पाय, पक्षी, पुरे. तुऱ्यापर्यंत, गालावरच्या ठिपक्यापर्यंत, मानेवरच्या काळ्या रेघेपर्यंत तो जातच नाही. कपाटात भरलेली ती स्मृती सामान्य माणसाची नव्हती. ती घरी निघालेल्या कारकुनाची होती, आणि ती रोज, चोवीस तास, न थकता काम करीत होती.

त्या संध्याकाळी चहा करताना त्यांनी सदानंदांना हाक मारली.

"अहो, इकडं बघा." डबीचे झाकण त्यांच्यासमोर क्षणभर धरून त्यांनी ते पालथे घातले. मग दोघांनी चहा घेतला. कप विसळून आल्यावर त्यांनी फोनवर त्या कंपनीचा बगळा दाखवला. "मघाशी पाहिलं ते हेच का?"

"हा बगळा आहे," सदानंद म्हणाले. "मघाशी टिटवी होती."

"नक्की? एक डोळा अजून लाल आहे तुमचा."

"दुसरा आहे ना. टिटवीच्या मानेला काळं होतं. का गं, परीक्षा आहे का? किती मार्कांची?"

शुभांगीबाई हसल्या नाहीत. त्या खिडकीशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. सदानंदांनी थोडा वेळ ते पाहिले. "तू काहीतरी चुकवलंयस," ते अखेर म्हणाले. तेहेतीस वर्षे वर्गात उभा राहिलेला माणूस. चूक सापडलेला चेहरा त्यांना ओळखता येत होता.

"हो," त्या म्हणाल्या. "पण किती जणांचं, ते मोजता येत नाही."

शुक्रवारी सकाळी दहाला त्या उपनिबंधकांच्या दालनात गेल्या. ऋतुराज सरनोबत अडतीस वर्षांचा होता. चौदा वर्षांपूर्वी प्रशिक्षणार्थी म्हणून आला तेव्हा कागद पालथा कसा घालायचा हे त्याला शुभांगीबाईंनी शिकवले होते. चारचौघांत त्या त्याला साहेब म्हणत.

"या बाई, बसा. तीनला समिती आहे, म्हणून जरा पळापळ. चहा सांगू?"

"चहा नंतर. तू कारणमागोवा कधी उघडलायस का?"

तो हसला. "तुम्ही उघडलात होय? निविदेनंतर पहिल्याच असाल."

त्यांनी छापून आणलेली यादी पुढे केली आणि जे होते ते सांगितले. बसची वेळही सांगितली. ऋतुराजने यादी वाचली. पुन्हा वाचली. मग उठून दार लोटून घेतले.

"सातपैकी पाच तुमच्या," तो म्हणाला. "उरलेल्या दोन कोणाच्या आहेत, पाहिलंत?"

"क्रमांक सहा."

"सहा नंबर मी होतो." तो खुर्चीत बसला. "मला बस नव्हती पकडायची. मला प्रकल्प वेळेत संपवायचा होता."

त्याने यादी टेबलावर पालथी ठेवली.

"असं करू," तो म्हणाला. "तुम्ही टिटवीचं असहमतीपत्र भरा. मी आत्ताच्या आत्ता सही करतो. अत्तारबाईंना संध्याकाळच्या आत प्रमाणपत्र. त्यांचं काम होईल."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण, बाई? आपल्या विभागात एक्केचाळीस हजार नकार आहेत. त्यातले बरेचसे बरोबरही असतील."

"कोणते बरोबर, ते तुला सांगता येईल?"

"ते सांगायचं तर बाहेरची आठही टेबलं पुन्हा लावावी लागतील! तुम्हाला ते दिवस आठवतात का? अठरा महिने! एक गृहस्थ अर्ज करून वारले, आणि प्रमाणपत्र न्यायला त्यांची मुलगी आली. खिडकीत उभी राहून रडली. मी तेव्हा नवीन होतो. मी तेव्हाच ठरवलं होतं, हे बदलायचं." त्याने यादी त्यांच्याकडे सरकवली. "मी काही वाईट केलं नाही, बाई."

"नाही केलंस. मीही नाही केलं. तीच अडचण आहे."

"चौकशी तुमच्यावर लागेल. निवृत्तीला सात महिने राहिलेत तुमच्या." त्याने टेबलावरचा कागदाचा गठ्ठा सरळ केला. "आणि कार्यालयीन टिपणी लिहिलीत, तर ती माझ्याच टेबलावर येणार. आज माझ्या टेबलावर फार कागद आहेत."

हे बोलताना त्याने त्यांच्याकडे पाहिले नाही. शुभांगीबाई उठल्या.

"असहमतीपत्राला वेळ लागेल," त्या म्हणाल्या. "चौदा रकाने आहेत."

ते भरायला त्यांना पन्नास मिनिटे लागली. डबी समोर ठेवून त्यांनी प्रत्येक रकाना भरला : मानेवरची रेघ, डोळ्यापुढचा ठिपका, चोचीची लांबी, कापऱ्या हाताचे वळण, सेहेचाळीस वर्षांचा वापर. ऋतुराजने शब्द पाळला. पत्रकावर त्याची सही बारा वाजून दहा मिनिटांनी आली. शुभांगीबाईंनी हमीदाबाईंना फोन लावला.

"झालं, अत्तारबाई. प्रमाणपत्र संध्याकाळपर्यंत येईल."

पलीकडे हमीदाबाई घरात कोणालातरी म्हणाल्या, "पेटव गं चूल," आणि पुन्हा फोनवर आल्या. "मॅडम, आमच्या गल्लीत एक कुंकूवाले हायत, भंडारे म्हणून. त्यांचं सूर्यफूल बी नाकारलंय. त्यांचं आणि दुसऱ्या कुणाचं तरी चिन्ह सारखंच हाय म्हणत्यात. त्यांनी कुणाला भेटायचं?"

शुभांगीबाईंनी भंडाऱ्यांचे नाव लिहून घेतले आणि फोन ठेवला.

त्यांनी कोरा कागद घेतला आणि हाताने एक पान लिहिले. 'मी, निरीक्षक क्रमांक चौदा' अशी सुरुवात केली. कोणत्या दिवसांत, कोणत्या वेळेनंतर, किती जोड्यांना न पाहता उत्तर दिले, का दिले, त्याचा यंत्राच्या नजरेवर काय परिणाम झाला, कारणमागोव्यात तो कुठे दिसतो. विशेषणे काढून टाकली. 'इतर निरीक्षकांविषयी मला लिहिता येत नाही,' असे शेवटी लिहिले. 'त्यांना विचारावे.' खाली सही केली, घरचा पत्ता घातला. पदनाम लिहिले नाही.

पदनाम न लिहिण्याला कारण होते. कर्मचाऱ्याची टिपणी साहेबांच्या टेबलावर थांबू शकते. नागरिकाचा अर्ज थांबू शकत नाही. आवक-क्रमांक पडल्यापासून पंधरा मिनिटांत तो संकेतस्थळावर सर्वांना दिसतो, आणि ज्या प्रस्तावाविषयी असेल त्याला आपोआप जोडला जातो. अर्ज गहाळ होण्याचे प्रकार त्यामुळे कायमचे थांबले होते. कार्यालयाच्या सेवा-सुधारातला तो सर्वांत चांगला नियम होता. तो ऋतुराजने केला होता.

शुभांगीबाई जिना उतरून तळमजल्यावर गेल्या, मुख्य दारातून बाहेर पडल्या आणि नागरिकांच्या दाराने, त्यांच्या जिन्याने, पुन्हा दुसऱ्या मजल्यावर खोतांच्या खिडकीबाहेर आल्या. यंत्रातून टोकन घेतले. सदतीस. बाकावर बसल्या. त्यांच्या आधी एक लोणचेवाला आणि स्वेटर विणणाऱ्या दोन बहिणी होत्या. एक चाळीसला त्यांचा आकडा लागला.

"बाई?" खोत म्हणाले. "तुम्ही आणि टोकन? आतून द्यायचा की कागद."

"रांगेतूनच द्यायचाय."

खोतांनी कागद घेतला. सवयीने विषय पाहायला पहिली ओळ वाचली, मग सवय सोडून सगळे पान वाचले. "बाई, ह्याला नंबर पडला की परत घेता येत न्हाई."

"माहीत आहे, खोत."

"माझ्या मेव्हण्याचं पापडाचं चिन्ह..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडले, शिक्का शाईवर दाबला आणि कागदावर नेहमीपेक्षा जरा जपून उमटवला. एक वाजून बावन्न मिनिटे. पोचपावती त्यांनी दोन्ही हातांनी दिली.

उपनिबंधकांच्या दालनाचे दार बंद होते. दोन वाजून सात मिनिटांनी, अर्ज संकेतस्थळावर दिसताच, आतला फोन वाजू लागला. पाच-सहा वेळा वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. शुभांगीबाई आपल्या टेबलाशी बसल्या. पडद्यावर आजचे एकशे नव्वद निर्णय थांबले होते. त्यांनी ते बाजूला सारले, मिरजेच्या भंडाऱ्यांचा जुना अर्ज शोधला आणि त्यांच्या सूर्यफुलासमोरचे दुसरे चिन्ह न उघडता, फक्त ते सूर्यफूल कागदावर छापून घेतले.

त्यांनी ते नीट पाहिले. पाकळ्या मोजल्या. मग कागद पालथा घातला आणि चहा घ्यायला उठल्या.